कोल्हापूरहून सिंगापूर: मुलांना घेऊन चार रात्रींचा बेत कसा आखावा

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे. तिथे थंडीचा मोसम नाही, पाऊस बाराही महिने पडतो आणि दुपारी पारा ३१-३२ अंशांवर असतो. हा आकडा वाचून कोल्हापूरच्या माणसाला काहीच वाटत नाही, आणि बेत तिथेच फसतो. खरा त्रास दमटपणाचा. मे महिन्यात मालवणला उतरल्यावर जी चिकचिक होते, ती तिथे रोजची. घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही आणि भर दुपारी मुलं तासाभरात मलूल होतात. तेव्हा ठिकाणांची यादी नंतर करा, आधी दिवसाचे तास वाटून घ्या.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. सूर्य वर्षभर सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. मुलांची झोप आणि भूक मात्र पहिले दोन दिवस घरच्याच वेळेवर चालते. तिथे सकाळचे साडेसात वाजले की त्यांच्या लेखी पहाटेचे पाच असतात, म्हणून लवकर उठवण्याच्या भानगडीत पडू नका. उलट तिथे रात्रीचे साडेदहा म्हणजे आपले आठच. पहिले दोन दिवस संध्याकाळी भटका आणि सकाळची ठिकाणं तिसऱ्या-चौथ्या दिवसावर टाका.

पहिल्या संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. तिथली बाहेरची बाग फुकट आहे आणि उंच लोखंडी झाडांवरचा दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो. पावणेआठचा पाहा, म्हणजे पाऊस आला तरी दुसरा हाताशी राहतो. दुसऱ्या दिवशी उशिरा निघून थेट त्याच बागेतल्या थंड काचघरात शिरा. तिथल्या क्लाउड फॉरेस्टमध्ये ३५ मीटरचा धबधबा आहे. तिसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय, साडेआठला दार उघडताच आत. नाइट सफारी त्याला लागूनच आहे, म्हणून पुष्कळ जण दोन्ही एकाच दिवशी उरकतात. लहान मुलं असतील तर हे अजिबात करू नका. सकाळपासून चालून पाय दुखत असलेलं मूल रात्री वाघ समोर आला तरी कडेवर झोपलेलंच असतं. चौथा दिवस बोटॅनिक गार्डनमधल्या मुलांच्या बागेला द्या. तीही फुकट आहे, पण सोमवारी बंद असते.

रोज दुपारी साधारण एक ते चार छपराखालीच राहा. विजांचा पाऊस बहुधा याच सुमारास येतो आणि वीज चमकू लागली की पोहण्याचे तलाव, उघड्यावरच्या राइड्स बंद होतात. तेवढ्या वेळात हॉटेलवर जाऊन झोप काढली तर संध्याकाळ सगळ्यांना सुखाची जाते.

जायचं कधी? नोव्हेंबर ते जानेवारी तिकडे जोराचा पाऊस, आणि मेच्या अखेरीपासून जूनभर तिथल्या शाळांना सुट्टी असल्याने गर्दी. आपली परीक्षा संपल्यापासून मेच्या मध्यापर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ जातो तो मुलांच्या पासपोर्टला. काम कोल्हापुरातच पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतं. आईवडील दोघांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्शर-डी हे संमतिपत्र लागतं आणि चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो सोबत न्यावा लागतो. अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर: महापालिकेच्या जन्मदाखल्यात एक, आधारवर दुसरं. अपॉइंटमेंट घेण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे जुना असेल तर प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने मुदत शिल्लक आहे ना, हेही बघा. व्हिसा प्रत्येक मुलाचा वेगळा, अधिकृत एजंटामार्फत. पोहोचण्याच्या दिवसासकट शेवटच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूर सरकारचा प्रवेशाचा फॉर्म, ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर ती साइट सरकारी नाही असं समजा.

मुंबईहून निघणार असाल तर कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरचं विमान आणि पुढचं विमान वेगवेगळ्या तिकिटांवर जवळजवळ ठेवू नका. पहिलं लांबलं तर दुसरी कंपनी थांबत नाही. गाडीने जाणाऱ्यांनी खंबाटकी घाटात तास-दोन तास गेले तरी चालेल असा हिशोब ठेवावा. रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेस आणि लगेच पुढची रात्र विमानात, असं झालं की मुलं तिथे पोहोचेपर्यंतच थकतात. मध्ये अर्धा दिवस तरी मुंबईत आडवं व्हायला जागा हवी.

आता खाऊचा डबा. इथे कोल्हापूरकरांनी खास लक्ष द्यायला हवं. सिंगापुरात खसखस नेण्यास मनाई आहे, कारण ती अफूच्या बोंडातली आणि तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो. आपल्याकडे खसखस कुठे कुठे असते ते आठवा: अनारशावर, डिंकाच्या लाडवात आणि बऱ्याच घरच्या कांदा-लसूण मसाल्यातही. मसाला ज्यांनी केला त्यांना विचारा. खात्री नसेल तर डबा घरीच ठेवा. भडंग, मेतकूट, खाकरे, शेंगदाण्याची चटणी (खसखस नसलेली) पुरेशी आहे. च्युइंगम नको, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नको. जेवणासाठी लिटल इंडियात शाकाहारी डोसा-भात सहज मिळतो. कोमला विलास तर १९४७ पासून चालू आहे. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरत राहा.

मेट्रोत मात्र खाणंपिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत होऊ शकतो. मुलांना स्टेशनात शिरण्याआधीच पाजून-भरवून घ्या. ९० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांसोबत फुकट जातं. मोठ्यांना बँकेचं टॅप करायचं कार्ड चालतं, पण प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड हवं आणि आत जाताना जे लावलं तेच बाहेर पडताना. परदेशातले व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये निघण्याआधी सुरू करा. अ‍ॅपवरून गाडी बोलावली तर १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे, नाहीतर चालक नेत नाही. साध्या टॅक्सीला यातून सूट आहे.

बॅगेत प्रत्येक मुलासाठी रोजचे दोन पातळ, लवकर वाळणारे कपडे. जाड सुती जीन्स एकदा भिजली की परत येईपर्यंत ओलीच. रेनकोटमध्ये मूल घामाने भिजतं, त्यापेक्षा छोटी छत्री बरी. मॉल आणि मेट्रो फार गार असतात, म्हणून एक पातळ स्वेटर हातातल्या पिशवीत वरच असू द्या. तीन चपट्या पिनांचा प्लग लागतो. आपला तिथे बसत नाही, अडॅप्टर इथूनच घ्या. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, तेव्हा क्रीम सकाळीच लावा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीलिटरमध्ये. पाकिटावर वाचूनच मिसळा आणि मूल तहान लागली म्हणायच्या आधी घोटघोट देत राहा.