डोक्याला गंभीर इजा झाल्यानंतर मेंदूतील दाब आणि रक्तप्रवाह कसा मोजावा

पुणे-हैदराबाद महामार्गावरून किंवा अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याच्या बाजूने डोक्याला मार लागलेले रुग्ण सोलापुरातील रुग्णालयांत सतत येत असतात. त्यांच्या उशाशी रात्रभर उभे राहणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी हे लिहीत आहे. मेंदूतील दाब मोजणारी नळी किंवा प्रोब (बारीक संवेदक) बसवणे हे मेंदूशल्यचिकित्सकाचे काम आहे. पण त्यातून येणारा आकडा खरा ठेवणे हे आपले काम आहे, आणि उपचाराची दिशा त्या आकड्यावरच ठरते.

प्रथम इजा खरोखर गंभीर आहे का, हे ठरवावे. ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे डोळे, बोलणे व हालचाल यांच्या प्रतिसादावरून शुद्धीला गुण देण्याच्या पद्धतीत, ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. आपल्या शहरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. अशा रुग्णाला केवळ मराठीत हाक मारून ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद केली, तर गुण चुकीचा येऊ शकतो. म्हणून श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी, वेळ असल्यास, नातेवाइकाला त्याच्या घरच्या भाषेत बोलायला सांगावे.

कवटी ताणत नाही. आत रक्तस्राव झाला किंवा मेंदूला सूज आली, की आधी मेंदूजल आणि शिरांमधील रक्त बाहेर सरकून जागा करून देतात. ती सोय संपली की थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. २०१६ च्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा दाब २२ मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेल्यास उपचार करावेत, आणि मेंदूला रक्त पोहोचवणारा दाब, म्हणजे परफ्यूजन प्रेशर, ६० ते ७० च्या दरम्यान ठेवावा.

मेंदूच्या पोकळीत ड्रेन, म्हणजे मेंदूजल बाहेर काढणारी नळी, असेल तर ट्रान्सड्यूसर (दाबाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) कानाच्या भोकाच्या पातळीवर लावून तेथेच झीरो करावा, म्हणजे त्याचे वाचन शून्यावर आणावे. पलंगाचे डोके वरखाली केले, रुग्णाला कुशीवर वळवले किंवा सीटी स्कॅनहून परत आणले, की पातळी पुन्हा तपासावी. डोळ्यांनी अंदाज न घेता, गवंडी पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने भिंतीची पातळी घेतो तशी नेमकी पातळी घ्यावी, कारण १३.६ सेंटिमीटर उंचीचा फरक आकड्यात १० मिलिमीटर पाऱ्याची चूक करतो. ड्रेन उघडा असताना मॉनिटरवर दिसणारा दाब विश्वसनीय नसतो. थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) फिरवून ड्रेन बंद करावा, लहर स्थिर होऊ द्यावी, आकडा लिहावा आणि ड्रेन आठवणीने पुन्हा उघडावा. या ट्रान्सड्यूसरला प्रेशर बॅग (दाबाने द्रव ढकलणारी पिशवी) कधीही जोडू नये. मेंदूच्या ऊतीत बसवलेले प्रोब बहुतेक वेळा बसवण्यापूर्वीच झीरो केले जातात आणि नंतर तसे करता येत नाही, त्यामुळे काही दिवसांनी त्यांचा आकडा थोडा सरकलेला असू शकतो.

आता हिशेब. रक्तदाब १२०/७५ असेल, तर सरासरी दाब ९० होतो. मेंदूतील दाब २४ असेल, तर तो सरासरी दाबातून वजा करून परफ्यूजन प्रेशर ६६ येते, म्हणजे समाधानकारक वाटते. परंतु डोके ३० अंश उंच असताना आर्टिरियल लाइनचा (रक्तदाब सतत मोजण्यासाठी धमनीत घातलेल्या नळीचा) ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर असेल आणि कान त्याहून १५ सेंटिमीटर वर असेल, तर मेंदूपाशी सरासरी दाब सुमारे ७९ आणि परफ्यूजन प्रेशर सुमारे ५५ असतो. एकाच रुग्णाचे दोन आकडे, आणि दोन्हींवरून निर्णय वेगळे! माझ्या मते आर्टिरियल ट्रान्सड्यूसरही कानाच्या पातळीवर लावावा. तसे नसेल तर तो कोणत्या पातळीवर आहे, हे चार्टवर ठळक लिहावे.

आकड्याबरोबर मॉनिटरवरील मेंदूच्या दाबाची लहरही पाहावी. तिला तीन शिखरे असतात आणि निरोगी अवस्थेत पहिले सर्वांत उंच असते. दुसरे त्याच्या वर गेले, तर मेंदूची सामावून घेण्याची क्षमता कमी होत आहे, असे समजावे. लहर चपटी झाली असेल तर हवेचा बुडबुडा, रक्ताची गाठ किंवा दुमडलेली नळी शोधावी. दाब चढल्यावर औषधाकडे वळण्यापूर्वी मान सरळ आहे का, कॉलर किंवा श्वासनलिकेतील नळी बांधलेली पट्टी गळ्याच्या शिरा दाबत नाही ना, रुग्ण खोकत नाही ना, कार्बन डायऑक्साइड वाढला नाही ना, हे पाहावे. एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, रुग्णाच्या शरीराचे तापमानही नियमितपणे नोंदवावे. तापाने मेंदूची ऑक्सिजनची गरज आणि दाब दोन्ही वाढतात.

दाब म्हणजे प्रवाह नव्हे. मेंदूला दर मिनिटाला दर १०० ग्रॅममागे सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते आणि ते २० च्या खाली गेले, की पेशींचे काम बिघडू लागते. हा प्रवाह थेट मोजणे पलंगापाशी क्वचितच शक्य असते, म्हणून ट्रान्सक्रॅनिअल डॉप्लर, म्हणजे कवटीतून ध्वनिलहरी पाठवून रक्ताचा वेग मोजणारे यंत्र, वापरावा: २ मेगाहर्ट्झचा प्रोब कानापुढील, गालफडाच्या हाडावरच्या पातळ हाडावर ठेवून मधल्या मेंदूधमनीतील वेग पाहावा. डायस्टोलिक वेग सेकंदाला २० सेंटिमीटरच्या खाली आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स (ठोक्यागणिक वेगातील चढउताराचे माप) १.४ च्या वर असेल, तर रक्त पुरेसे पोहोचत नसण्याची शंका घ्यावी. वेग फार वाढला असेल, तर मानेतील अंतर्गत कॅरोटिड धमनीतील वेगाशी तुलना करावी; मेंदूधमनीतील वेग त्याच्या तिपटीहून जास्त असेल तर धमनी आकुंचन पावलेली असण्याचा संभव असतो, अन्यथा प्रवाहच वाढलेला असतो. गळ्याच्या शिरेच्या मुळाशी घेतलेल्या रक्तातील ऑक्सिजन ५० टक्क्यांखाली जाणे हाही इशाराच समजावा.

जेथे प्रोब उपलब्ध नाही, तेथे हात बांधून बसण्याचे कारण नाही. बोलिव्हिया आणि इक्वाडोरमधील ३२४ रुग्णांवरील अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, वारंवार तपासणी व सीटी स्कॅनवर आधारलेल्या उपचारांचे निष्कर्ष मॉनिटरवर आधारलेल्या उपचारांहून वाईट आढळले नाहीत. मात्र त्यात तपासणी खरोखरच वारंवार आणि ठरलेल्या पद्धतीने होत होती. तेव्हा तासातासाला बाहुल्या, हातापायांची हालचाल व रक्तदाब नोंदवावा. रुग्णाला तालुक्याच्या ठिकाणाहून सोलापूरला पाठवताना या नोंदींबरोबर बेशुद्धीचे गुण, बाहुल्यांचा आकार, दिलेली गुंगीची औषधे आणि त्यांची वेळ लिहून द्यावी, म्हणजे येथे घेतलेल्या पहिल्या मोजमापाची तुलना कशाशी करावी, हे लगेच कळेल.