यंत्राला चेहरा द्यायचा की नाही? शॉर्टफिल्ममध्ये एआय पात्र उभं करताना

कथेत एआय आलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी चंदेरी रंगाचा डबा काढायला निघतं. तो जरा बाजूला ठेवा आणि आधी एवढंच ठरवा: या पात्राने समोरच्याकडे बघणं कथेला हवंय का? लुक, आवाज, खर्च, सगळं या उत्तरावरून ठरतं.

खरं एआय कॅमेऱ्यापुढे अगदी निरुपयोगी. लोखंडी रॅक, लुकलुकणारे दिवे, पंख्यांची घरघर, बस. सिनेमा चालतो तो एकाने बघण्यावर आणि दुसऱ्याने त्यावर काहीतरी वाटून घेण्यावर. समोर रॅक असेल तर खांद्यावरून शॉट कुणाच्या घ्यायचा? म्हणून दिग्दर्शक यंत्राला माणसाचं शरीर देतात. त्यात तत्त्वज्ञान असतं तसा हिशोबही असतो. कॉम्प्युटरवर बनवलेल्या पात्राच्या एका भुवईसाठी दिवस जातात, नट ती फुकट उचलतो.

उरलेलं काम प्रेक्षक करतो. दगडाला शेंदूर फासून दोन चांदीचे डोळे बसवले की तो आपल्याकडे बघायला लागतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे हलवणारी छोटी फिल्म लोकांना दाखवली. बहुतेकांना त्यात भांडण, पाठलाग, घाबरणं दिसलं. म्हणजे माणूसपण थोडंच द्यायचं असतं, बाकीचं बघणारा भरतो. बहुतेक शॉर्टफिल्म बिघडतात त्या जास्त दिल्यामुळे.

आता स्क्रिप्ट घ्या आणि पेनने खुणा करा. एआय कशाला तरी हात लावतं, काहीतरी उचलून देतं, किंवा लोक त्याला माणूस समजतात, अशा प्रत्येक जागी फुली मारा. एकही फुली नसेल तर शरीराची गरज नाही, आवाज आणि एक लेन्स पुरे. ‘हा माणूस नव्हताच’ हाच कथेचा धक्का असेल तर पूर्ण माणूसच हवा. एखाददुसरी फुली असेल तर तो प्रसंग नव्याने लिहून बघा. पुष्कळदा ती फुली केवळ सवयीने आलेली असते.

फक्त आवाज असेल तर

१९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या सिनेमातलं हॅल, म्हणजे अंतराळयान चालवणारा संगणक, पडद्यावर दिसतो तो एवढाच: एक लाल ठिपका असलेली लेन्स आणि डग्लस रेन यांचा शांत आवाज. लेन्स कधीच हलत नाही. दोन अंतराळवीर त्याला ऐकू जाऊ नये म्हणून बंद कुपीत बसून बोलतात, तेव्हा आपल्याला आधी लेन्स दिसते आणि मग फक्त त्यांचे हलणारे ओठ. हॅल ओठ वाचतोय हे कुणी सांगत नाही, शॉटचा क्रम सांगतो. हेच करायचं आहे.

जुन्या बाजारातली बंद पडलेली कॅमेऱ्याची लेन्स घ्या. मागे ५ मिलिमीटरचा लाल एलईडी, तीन पेन्सिल सेल आणि २२० ओहमचा एक रेझिस्टर, एवढ्यात काम होतं. पॉवर बँक वापरू नका. इतका कमी करंट ओढला की अनेक पॉवर बँका थोड्या वेळात आपोआप बंद होतात, आणि ते नेमकं चांगल्या टेकमध्ये होतं. दिवा मंद करायला स्वस्त डिमर लावला तर फ्रेममध्ये आडवे पट्टे सरकताना दिसतील, कारण तो डिमर दिवा भराभर चालू-बंद करतो. त्यापेक्षा जास्त ओहमचा रेझिस्टर घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिव्यांची लुकलुक दिसू नये यासाठी सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. सेटवर मॉनिटर असेल तर त्याचा रिफ्रेश रेटही ५० करा.

बोलताना दिवा आवाजाबरोबर उघडझाप करू नये. तसं केलं की ते खेळणं होतं. दिवा स्थिर ठेवा आणि माणसाचं वाक्य संपल्यावर लेन्सचा शॉट दोन-तीन सेकंद जास्त धरा. त्या रिकाम्या दोन सेकंदांत प्रेक्षक म्हणतो, ‘विचार करतंय.’

नटाला भिंतीशी बोलायला लावू नका. फ्रेमबाहेर कुणीतरी संवाद खरोखर वाचायला हवा, नाहीतर नट उत्तर ऐकायच्या आधीच चेहरा तयार करून बसतो. अंतिम आवाज नंतर बदलता येतो. ‘हर’ या सिनेमातल्या एआयच्या आवाजासाठी सेटवर समांथा मॉर्टन होत्या, एडिटच्या वेळी त्यांच्या जागी स्कार्लेट जोहान्सन यांचा आवाज आला. नटाच्या नजरेसाठी लेन्सच्या काचेच्या कडेला काळ्या टेपचा बारीक तुकडा चिकटवा, आणि प्रत्येक टेकमध्ये नजर तिथेच. अर्धवटराव जिवंत वाटतो तो त्याच्या जबड्यामुळे जितका, तितकाच रामदास पाध्ये त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात त्यामुळे. समोरच्याने गंभीरपणे ऐकलं की लाकूडही बोलतं.

आवाजावर घुमारा आणि धातूचा इफेक्ट चढवायचा मोह टाळा. फरक वेळेत ठेवा. गप्पांमध्ये माणसं सरासरी २०० मिलिसेकंदांत उत्तर देतात, म्हणजे २५ च्या हिशोबाने पाच फ्रेम, आणि तेही कमीजास्त होत असतं. एडिटमध्ये यंत्राच्या प्रत्येक उत्तराआधी मोजून दहा फ्रेम ठेवा. कधी नऊ नाही, कधी अकरा नाही. तिसऱ्या-चौथ्या उत्तराला अंगावर काटा येतो आणि कशामुळे ते कळत नाही. कथेत ते यंत्र एकदाच खोटं बोलणार असेल तर तिथे पंधरा करा.

पूर्ण माणूस असेल तर

मान झटकत चालणारा रोबो लग्नाच्या वरातीत शोभतो. नटाकडून काही करून घेण्याऐवजी काहीतरी काढून घ्या, आणि एकच, फार तर दोन गोष्टी. ‘टर्मिनेटर २’मध्ये माणसाच्या रूपातलं यंत्र झालेला रॉबर्ट पॅट्रिक जिवाच्या आकांताने धावतो, पण तोंड बंद आणि धाप नाही. एवढ्यानेच तो माणसांतून उठतो.

सर्वांत सोपं म्हणजे पापणी. आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. सहा-सात सेकंदांचा शॉट पापणी न लववता बहुतेकांना जमतो, त्यापुढे डोळ्यांत पाणी येतं, म्हणून शॉट लहान ठेवा. पंखा आणि एसीचा झोत नटाच्या तोंडावर नको. दुसरी युक्ती मानेची: आवाज आला की माणसाचे डोळे आधी वळतात, मागून मान. नटाला डोळे आणि मान एकदम वळवायला सांगा. तालमीत फोनवर रेकॉर्ड करून हळू गतीने बघा, डोळे हमखास आधी पळालेले दिसतील. सवय मोडायला दोन-तीन दिवस लागतात.

मेकअपने ‘थोडासा कृत्रिम’ चेहरा करायचा बेत धोक्याचा. जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच मांडलं होतं की माणसासारखेपणा वाढत जातो तशी जवळीक वाढते, पण जवळजवळ माणूस झालेलं काही समोर आलं की ती एकदम कोसळून किळस वाटू लागते. भयपट असेल तर उत्तम, प्रेमकथा असेल तर मेला. शिवाय पांढरा थर दिव्यांखाली नाकाच्या कडांना फुटतो, आणि कान रंगवायचे राहतात. कान नेहमी राहतात.

अर्धं यंत्र दाखवायचं असेल तर

‘एक्स मशिना’मधल्या एव्हा या रोबोचा चेहरा, हात आणि पाऊल नटी अलिसिया विकांदरचेच आहेत, मधलं शरीर नंतर बनवलं. हिरवा पडदा लावला नाही. प्रत्येक प्रसंग झाल्यावर तोच शॉट नट बाजूला काढून रिकामा घेतला, म्हणजे शरीर पुसलेल्या जागी मागचं दृश्य भरता येतं; या रिकाम्या शॉटला ‘प्लेट’ म्हणतात. घरच्या कॅमेऱ्यानेही हे जमतं: ट्रायपॉड, फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने लॉक करा आणि टेक संपताच दहा सेकंद रिकामी जागा घ्या. त्याआधी कुणी खुर्ची हलवली, किंवा खिडकीत ढग आला, की ती प्लेट फुकट. म्हणून असे शॉट पडदे लावून दिव्यांवरच घ्या. नटाची सावली जिथे पडत होती तिथे प्लेट उजळ दिसते, ती एडिटमध्ये हाताने काळी करावी लागते.

एक खोड मात्र जुनी आहे. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये वॉल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ यांनी ब्रिगिटे हेल्मच्या अंगाच्या मापाचा रोबोचा पोशाख घडवला, आणि तेव्हापासून यंत्र म्हटलं की तरुण बाई, बनवणारा पुरुष. कथेला त्याची गरज असेल तर जरूर करा. नसेल तर साठीचा, चष्मा लावलेला, निवृत्त तलाठ्यासारखा दिसणारा नट घेऊन एकदा चाचणी शूट करा. त्याने पापणी न लववता ‘तुमची फाइल सापडली’ म्हटलं की काय होतं ते बघा.

एडिट झाल्यावर कथा माहीत नसलेल्या कुणालातरी एक प्रसंग आवाज बंद करून दाखवा आणि एवढंच विचारा: यात कोण कुणाकडे बघतंय? उत्तरात लेन्सचं किंवा यंत्राचं नाव आलं नाही, तर मेकअपला हात न लावता आधी नटाच्या नजरेचे शॉट पुन्हा घ्या.