ग्रंज पोस्टर फसतं कुठे? ओरखडे मारण्याआधी या चुका टाळा

ग्रंज म्हणजे मुद्दाम झिजलेला, खरखरीत लूक. फसलेलं ग्रंज पोस्टर ओळखायला एक प्रश्न पुरतो: हा ओरखडा कशाने पडला? पावसाने, गंजाने, नखाने, की चारदा झेरॉक्स काढून पुसट झालेल्या कागदाने? उत्तर ‘फोटोशॉपने’ एवढंच असेल तर काम तिथेच हुकलं. ठाणे आणि नवी मुंबईत एकांकिका, कॉलेज फेस्टिव्हल, बँडचे कार्यक्रम, टी-शर्ट, कॅफेची मेनूकार्डं अशा कामांसाठी हा लूक मागणारे पुष्कळ भेटतात. ‘जरा रफ पाहिजे, पण नीटनेटकंही दिसायला हवं’ ही फर्माईश ऐकली नाही असा डिझायनर विरळा. गंमत म्हणजे या फर्माइशीत चूक काही नाही. चांगलं ग्रंज काम जवळून रफ आणि लांबून नेटकंच असतं.

प्रेरणा पिंटरेस्टवर शोधणं

तिथे ‘ग्रंज’ टाकलं की तीच काळपट भिंत, तोच फाटका कागद, तोच शाईचा शिंतोडा. मूळ काम कुणी, कशासाठी केलं याचा पत्ता नाही. हा लूक आला कुठून ते थोडं माहीत असलेलं बरं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सिएटलमध्ये सब पॉप या छोट्या रेकॉर्ड कंपनीभोवती ग्रंज संगीताचे जे बँड जमले, त्यांच्याकडे पैसे नव्हते. त्याच शहरात आर्ट चँट्री हा डिझायनर कात्री, गोंद, जुने कॅटलॉग आणि झेरॉक्स मशीन यांवर पोस्टरं काढत होता. चार्ल्स पीटरसनचे मैफलींचे कृष्णधवल फोटो हललेले, घामाघूम. तो खरखरीतपणा हातातल्या साधनांतून आलेला होता, कुणी वरून लावलेला नव्हता.

मग डिझायनर डेव्हिड कार्सन. समाजशास्त्र शिकवणारा, सर्फिंग करणारा माणूस. ‘रे गन’ हे संगीताचं मासिक १९९२ साली निघालं आणि कार्सनने मांडलेल्या त्याच्या पानांनी मांडणीचे सगळे नियम धाब्यावर बसवले. १९९४ मध्ये गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून कार्सनने ती झाफ डिंगबॅट्स या निव्वळ चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावून टाकली. वाचता न येणाऱ्या पोस्टरची बाजू घेताना हा किस्सा हमखास सांगितला जातो. पण ते मासिकातलं पान होतं, घरी निवांत उलटायचं. तुमच्या पोस्टरवर तारीख, वेळ आणि तिकिटासाठीचा फोन नंबर आहे. तो नंबर चिन्हांत लावून बघा, आयोजक काय म्हणतात ते.

मला त्याहून उपयोगाची वाटते ती बॅरी डेक या डिझायनरची गोष्ट. त्याचा १९९० सालचा टेम्प्लेट गॉथिक हा टाइपफेस त्या काळाची ओळखच बनला, आणि तो सुचला एका लॉन्ड्रीतल्या पाटीवरून. अक्षरांचा साचा वापरून कुणीतरी हौसेने काढलेली ओबडधोबड पाटी. म्हणजे प्रेरणा कपडे धुवायला गेल्यावर भिंतीवर सापडली.

आपल्याकडे अशा भिंतींना तोटा नाही. वाशीच्या एपीएमसी मार्केटात दाणा बंदरला किंवा मसाला मार्केटला सकाळी एक चक्कर मारा आणि गोणींवरचे मार्के बघा. पत्र्याच्या साच्यातून शाई फासलेली असते, त्यामुळे अक्षराच्या पोटातला गोल कधीच पूर्ण मिटत नाही. साचा एकसंध राहावा म्हणून ठेवलेले छोटे पूल तिथे रिकामे दिसतात. शाई तागाच्या वर आलेल्या धाग्यांवर बसते, मधल्या फटींत उतरत नाही. म्हणून अक्षराची कड दातेरी होते आणि मधला भाग जाळीदार. हमालाच्या खांद्यावर घासलेल्या बाजूला शाई उडालेली, दुसऱ्या बाजूला ठसठशीत. एका गोणीत एवढं शिकायला मिळतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात गंजलेल्या प्लेटांवर रंगाने टाकलेले आकडे आहेत, वागळे इस्टेटमध्ये बंद पडलेल्या गाळ्यांची फाटकं आहेत, जांभळी नाक्याला शटरवरच्या रंगाच्या जुन्या खपल्यांखाली आणखी जुना रंग आहे. फोटो काढताना दुकानदाराला विचारा. बहुतेक जण हसून ‘काढा की’ म्हणतात.

टेक्श्चरचा फोटो चुकीच्या उजेडात काढणं

पावसाळा हा आपला फुकटातला कारागीर. जुलै-ऑगस्टमध्ये सिमेंटच्या भिंतींवर जे काळे ओघळ आणि शेवाळ येतं, ते विकत मिळणाऱ्या कुठल्याही टेक्श्चर पॅकमध्ये नाही. फक्त भिंत ओली चिंब असताना फोटो घेऊ नका. सगळंच गडद होतं आणि डागांतला फरक मरतो. पाऊस थांबून भिंत सुकली, आकाश अजून ढगाळ आहे, ही वेळ धरायची. उजेड सपाट असतो, सावली पडत नाही, डाग तेवढे उठून दिसतात. उलट तुम्हाला खपल्यांचा उठाव हवा असेल तर तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. फ्लॅश बंद. फोन भिंतीला अगदी समांतर. एक फोटो हातभर अंतरावरून, एक दहा पावलं मागे जाऊन; बारीक दाणा आणि मोठा डाग हे दोन्ही लागतात.

मग फोटोतला रंग काढून टाका, लेव्हल्समध्ये काळा-पांढरा ताणा आणि तो फोटो अक्षरांच्या लेयर मास्कमध्ये टाका. काळं तिथे अक्षर उडतं, पांढरं तिथे राहतं. मूळ अक्षर शाबूत राहतं, त्यामुळे क्लाएंटने शेवटच्या दिवशी पाहुणा बदलला तरी रडायची वेळ येत नाही. इरेझरने खोडत बसणाऱ्यांवर ती येते.

सगळीकडे सारखीच झीज

अख्ख्या पोस्टरवर एकच टेक्श्चर मल्टिप्लाय करून (म्हणजे खालच्या रंगात गडद मिसळून) सोडून दिलं की ते वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखं दिसतं. खरी झीज जागा निवडते. कागद घडीवर आणि कोपऱ्यांवर मरतो, पाण्याचे ओघळ वरून खाली येतात, दरवाजा कडीजवळ झिजतो, चिकटवलेलं पोस्टर आधी कडेने सुटतं. तुमच्या पोस्टरची घडी कुठे पडली असती ते ठरवा आणि ओरखडे तिथे न्या. निदान एक मोठा तुकडा स्वच्छ ठेवा, नाहीतर डोळ्याला टेकायला जागा उरत नाही.

छोटं टेक्श्चर शेजारी शेजारी जोडून मोठं केलं असेल तर तोच डाग ठरावीक अंतराने परत येतो. डोळे किलकिले करून बघा, लगेच दिसेल. ग्रंज फॉन्टचंही तसंच: त्यातल्या प्रत्येक ‘र’ला त्याच ठिकाणी तोच ओरखडा असतो. ‘सरकार’ असा शब्द आला की बिंग फुटलं. साधा फॉन्ट घ्या आणि झीज स्वतः करा.

देवनागरीला रोमनचे नियम लावणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, आणि परदेशी ट्युटोरियलं इथे कामाला येत नाहीत, कारण ती ए-बी-सी-डीसाठी बनवलेली आहेत.

पहिली गोष्ट शिंतोड्यांची. रोमन अक्षरावर उडालेला ठिपका फक्त ठिपका असतो. देवनागरीत तो शिरोरेषेवर पडला की अनुस्वार होतो. ‘भाग २’चं ‘भांग २’ व्हायला एक शिंतोडा पुरेसा आहे, आणि ‘चिता’ व ‘चिंता’ यांच्यातला फरक सांगायला नको. उलट बाजूने मास्कने अनुस्वार खाल्ला तर ‘रंग’चा ‘रग’ आणि ‘दंगा’चा ‘दगा’. मोठा मथळा तयार झाला की शिरोरेषेच्या वरची पट्टी वेगळी तपासा: जे ठिपके तुमचे नाहीत ते पुसा, जे आहेत ते परत आणा. मात्रा, वेलांट्या, रफार यांनाही हेच. ‘मोर’ची वरची मात्रा गेली की ‘मार’ उरतो.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. अक्षर ओळखायला तिची फारशी मदत होत नाही, ओळख तिच्या खालच्या आकारात असते. म्हणून ओरखडे मारायचेच असतील तर ते शिरोरेषेवर खुशाल मारा, ती तुटली तरी शब्द वाचता येतो. मात्र दोन जोड्या सांभाळा: म-भ आणि घ-ध. यांत शिरोरेषा डावीकडे तुटली आहे की नाही याला अर्थ आहे. ‘माजी विद्यार्थी मेळावा’ हे ‘भाजी विद्यार्थी मेळावा’च्या जवळ गेलं तर हशा ठरलेला.

तिसरी चूक अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची. रोमनमध्ये ट्रॅकिंग वाढवलं की ऐसपैस दिसतं. देवनागरीत शिरोरेषेला समान फटी पडतात आणि शब्दाचे तुकडे होतात. मुद्दाम तोडायचं असेल तर हाताने, असमान तोडा. यंत्रवत फट ही झीज वाटत नाही.

वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहिली, तर दोष टेक्श्चरचा नसतो. फोटोशॉप जुनं असेल तर त्याच्या टाइप प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलेलं आहे का बघा, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. फ्लेक्सवाल्याकडे अजून श्रीलिपीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतील तर तुमचा मजकूर त्याच्याकडे भलतंच काही दिसेल. फाइल देताना अक्षरांची आउटलाइन करून (म्हणजे त्यांचे आकार बनवून, फॉन्ट लागणार नाही असं) द्या आणि मूळ फाइल स्वतःकडे ठेवा.

फॉन्ट कुठला? जाड, मोठ्या पोटाची अक्षरं झीज सोसतात. बारीक रेघांचा फॉन्ट दोन ओरखड्यांत संपतो. मुंबईच्या रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन फुकट मिळतो, आणि लोकलने फिरणाऱ्या वाचकाला त्याची ओळख पटवून द्यावी लागत नाही.

संगणकावरून न उठणं

अस्सल खरखर हवी असेल तर झेरॉक्सच्या दुकानात जा. मथळा काळ्या रंगात ए-फोरवर लेझर प्रिंट करा. त्याची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स, असं चार-पाच पिढ्या. प्रत्येक वेळी थोडं मोठं करायला सांगा. कडा फुटत जातात, पोटात पांढरे ठिपके येतात. एखाद्या प्रतीला मशीन चालू असताना काचेवर हळूच सरकवा, अक्षर लांबडं ओढलं जातं. एक प्रत चुरगळून पुन्हा सपाट करा, एकीवर पॉलिश पेपर घासा, एकीवर सेलोटेप दाबून खेचा. टोनर टेपला चिकटून येतो आणि त्याचे तुकडे उडतात. दुकानदार वेड्यात काढेल, काढू दे. सगळ्या प्रती ६०० डीपीआयला स्कॅन करून थ्रेशोल्ड लावा, म्हणजे निव्वळ काळं आणि पांढरं उरतं, आणि प्रत्येक शब्दाचा सगळ्यात चांगला तुकडा निवडून जोडा. दोन ‘र’ आता एकसारखे नसतात.

छपाई कशावर आहे हे न विचारणं

घोडबंदर रोडवरचा फ्लेक्स बाइकवरून दिसतो. तिथे बारीक दाणे म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय. हातभर मोठे डाग आणि ठळक फाटलेल्या कडा लागतात. ऑफसेटला देताना रंगीत टेक्श्चर काळ्यावर मल्टिप्लाय केलं की चारही शाया एकावर एक चढतात, कागद ओलसर राहतो आणि सगळं चिखल होतं. टेक्श्चर फक्त काळ्या शाईत ठेवा. टी-शर्ट डीटीएफने, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग गोंदाने कापडावर चिकटवून, छापायचा असेल तर सुटे बारीक ठिपके काढून टाका; त्यांना पुरेसा गोंद धरत नाही आणि धुण्यात निघून जातात.

इलस्ट्रेटर गोठतोय? टेक्श्चर ट्रेस करताना, म्हणजे फोटोच्या रेघा बनवताना, लाखो बिंदू तयार झाले आहेत. नॉइजची मर्यादा वाढवून (म्हणजे बारीक ठिपके वगळून) पुन्हा ट्रेस करा, किंवा सरळ बिटमॅप टिफ वापरा. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पोस्टर गढूळ दिसतंय? फोटो म्हणून पाठवलं की तो दाबून छोटा होतो आणि बारीक दाण्याचे चौकोन होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. इन्स्टाग्रामसाठी वेगळी प्रत करा, दाणा मोठा ठेवून.

आणि स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला आधी फोन करा. जाळीवर नको तिथे भोक पडलं की ते बुजवायचं, ही त्याच्या हाताची सवय. तुमचे शिंतोडे त्याला तसलीच भोकं वाटतात आणि तो भला माणूस एकेक करून बुजवून टाकतो. फाइलसोबत एक छापील नमुना द्या आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा: ‘ठिपके मुद्दाम आहेत, भरू नका.’