स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात मार्क कुठे जातात? या चुका टाळा

साताऱ्यातल्या कुठल्याही कॉलेजात, बीकॉम असो, बीएस्सी असो नाहीतर बीसीए, स्टॅटिस्टिक्सच्या पेपरआधी एकच मागणी असते: "सर, आयएमपी द्या ना." मग सीनिअरच्या वहीची झेरॉक्स फिरते, सूत्रांचं एक पान पाठ होतं आणि पेपरात प्रश्न धड वाचायच्या आत कॅल्क्युलेटर सुरू होतो. उत्तरपत्रिका बघा, बेरीज-गुणाकार बहुतेकांचे बरोबर असतात. गडबड त्याच्या आधी झालेली असते. आकडा कुणाबद्दल विचारलाय? सगळ्यांबद्दल की नमुन्याबद्दल, एका वस्तूबद्दल की सरासरीबद्दल, आणि कोणत्या अटीवर? हे न ठरवता सूत्र उचललं की पुढची दोन पानं वाया जातात.

दहावीला गणितात काठावर पास झालो म्हणून घाबरणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की पदवीच्या पहिल्या वर्षाला लागणारं गणित म्हणजे बेरीज, वर्ग, वर्गमूळ आणि टक्केवारी. ज्यांना नव्वदच्या वर मार्क होते तेच बरेचदा इथे आपटतात, कारण ते वाचत नाहीत.

सरासरी काढली आणि पेन खाली ठेवलं

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोघांची सरासरी येते तीन हजार, आणि तेवढा पाऊस यांपैकी एकाही ठिकाणी पडत नाही. माणच्या शेतकऱ्याला ती सरासरी सांगून बघा, तो काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही. म्हणून डेटा हातात आला की आधी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघायचा. एखादा आकडा भलताच सुटून पळाला असेल तर मीन (सरासरी) आणि मीडियन (चढत्या क्रमातला मधला आकडा) दोन्ही काढून त्यांत किती फरक पडतो ते लिहायचं. उत्पन्न आणि जमिनीचे भाव यांना सहसा मीडियनच शोभतो.

यातलाच नेहमी येणारा प्रश्न सातत्याचा. एका फलंदाजाची सरासरी ५०, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) १०. दुसऱ्याची सरासरी २०, डेव्हिएशन ६. सातत्य कुणाचं जास्त? निम्मा वर्ग दुसऱ्याचं नाव लिहितो, कारण ६ हा १० पेक्षा लहान. पण सरासऱ्या वेगळ्या असताना नुसती डेव्हिएशन समोरासमोर ठेवता येत नाहीत. डेव्हिएशनला सरासरीने भागून टक्केवारी काढली की पहिल्याचे २० टक्के येतात आणि दुसऱ्याचे ३०. सातत्य पहिल्याचं.

व्हेरिअन्स उणे येतो तेव्हा

व्हेरिअन्स म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग, तो उणे असूच शकत नाही. तरी हा प्रकार दर सेमिस्टरला होतो, आणि मुलं उणे चिन्ह खोडून पुढे जातात! अंगणवाडीतल्या तीन पोरांची उंची धरा: १०१, १०२, १०२ सेंटिमीटर. सूत्र सांगतं, वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करा. वर्गांची बेरीज ३१,००९, तिला तीनने भागलं की १०,३३६.३३. सरासरी १०१.६६६… आता ही सरासरी सोयीसाठी १०१.७ केली, तर तिचा वर्ग १०,३४२.८९ आणि वजाबाकी होते उणे ६.५६. खरं उत्तर आहे ०.२२. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, तरी उत्तर अशक्य, कारण दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीत दशांशाची ती छोटी काटछाट सगळं गिळून टाकते. उपाय दोन आहेत. सरासरी कॅल्क्युलेटरच्या मेमरीत पूर्ण ठेवायची आणि शेवटच्या ओळीतच दोन दशांश करायचे. नाहीतर सगळ्या आकड्यांतून आधी १०० वजा करून १, २, २ वर काम करायचं. व्हेरिअन्स तोच राहतो.

कॅल्क्युलेटरची दुसरी खोड म्हणजे आधीच्या गणिताचा डेटा आत शिल्लक राहणं. कॅसिओच्या एमएस मॉडेलवर एसडी मोडमध्ये आकडा भरला की पडद्यावर एन, म्हणजे आतापर्यंत भरलेल्या आकड्यांची संख्या, दिसते. पहिलाच आकडा भरल्यावर तिथे १ च्या ऐवजी १३ दिसला, तर मागची बारा पाहुणे मंडळी अजून घरातच आहेत. शिफ्ट, सीएलआर, १ आणि बरोबरचं चिन्ह दाबून त्यांना वाटेला लावा. त्याच मशीनवर सिग्मा-एन आणि सिग्मा-एन-वजा-१ अशी दोन उत्तरं मिळतात. दिलेले आकडे हीच पूर्ण समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे ते सगळे, असेल तर पहिलं; नमुन्यावरून समष्टीचा अंदाज बांधायचा असेल तर दुसरं. एक्सेलवर काम करणाऱ्यांसाठी हाच फरक एसटीडीईव्ही डॉट पी आणि डॉट एस मध्ये आहे. फोनच्या कॅल्क्युलेटरवर वर्षभर सराव करून परीक्षेच्या दिवशी मित्राचं मशीन मागून आणणाऱ्यांबद्दल काय बोलायचं?

आणि काही उत्तरं दिसताक्षणीच चूक असतात: एकापेक्षा मोठी संभाव्यता, उणे एक ते एकच्या बाहेरचा कोरिलेशन (दोन गोष्टी किती सोबत सरळ रेषेत बदलतात ते सांगणारा आकडा), सर्वांत मोठ्या आकड्याच्याही वर गेलेली सरासरी. अशा वेळी पान उलटून चूक शोधा, निदान "हे उत्तर शक्य नाही" एवढं तरी लिहा.

झेड टेबल कुठलं आहे ते न बघणं

आकडा सरासरीपासून किती डेव्हिएशन दूर आहे, तो झेड. नॉर्मलचं, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणाचं, टेबल दोन तऱ्हांनी छापतात. एकात शून्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ असतं, दुसऱ्यात डावीकडच्या टोकापासूनचं. १.९६ समोर पहिल्यात ०.४७५० दिसेल, दुसऱ्यात ०.९७५०. वर्गात एका टेबलवर सराव झाला आणि पेपरात दुसरं आलं, की सवयीने ०.५ मिळवून १.४७५ अशी संभाव्यता लिहिली जाते. टेबल हातात आलं की आधी झेड शून्यासमोर काय आहे ते बघायचं, ०.०००० की ०.५०००. पाच सेकंदांचं काम. वर घंटेच्या आकाराची आकृती काढून हवा तो भाग रेघांनी भरला तर मिळवायचं की वजा करायचं हा घोळ उरतच नाही. आकृतीला जागा जाते म्हणून ती टाळणारेच इथे मार्क घालवतात.

एक पेढा आणि छत्तीस पेढे

समजा एका दुकानातल्या कंदी पेढ्याचं सरासरी वजन २५ ग्रॅम आहे आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ३ ग्रॅम. वजनं नॉर्मल धरा. एक पेढा उचलला, तो २६ ग्रॅमच्या वर असण्याची शक्यता किती? झेड ०.३३, म्हणजे साधारण ३७ टक्के. आता ३६ पेढे उचलले. त्यांची सरासरी २६ च्या वर असण्याची शक्यता? इथे ३ ला ३६ च्या वर्गमुळाने भागायचं. हे झालं सरासरीचं डेव्हिएशन, म्हणजे स्टँडर्ड एरर, ०.५; झेड २, शक्यता सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. आकडे तेच, उत्तर कुठल्या कुठे गेलं. प्रश्नात "सरासरी" आणि "नमुना" हे शब्द दिसले की आधी त्यांच्याखाली रेघ मारा, मगच सूत्र उचला.

अट उलटी वाचणं

हा धडा सगळ्यात कठीण आणि सगळ्यात कामाचा. हजार माणसांत दहा जणांना एक आजार आहे. चाचणी आजाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांना बरोबर पकडते, पण निरोग्यांपैकी ९ टक्के लोकांनाही चुकून पॉझिटिव्ह ठरवते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली तर तुम्हाला आजार असण्याची शक्यता किती? अशी अट उलटवणारं बेजचं सूत्र पाठ असलेली मुलंही ९० टक्के लिहून मोकळी होतात. माणसं मोजा. आजारी दहांपैकी नऊ पॉझिटिव्ह. निरोगी ९९० पैकी सुमारे ८९ पॉझिटिव्ह. एकूण ९८, त्यांत खरे आजारी नऊ. शक्यता नऊ टक्क्यांच्या जवळपास. "आजार असताना पॉझिटिव्ह" आणि "पॉझिटिव्ह असताना आजार" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टक्केवारी सोडून हजार माणसांचा चौकोनी तक्ता मांडला की बेजचा प्रश्न सूत्राशिवाय सुटतो, आणि परीक्षकालाही तो पटकन कळतो.

"नल स्वीकारला"

नल म्हणजे "काही फरक नाही" हे तपासायचं गृहीतक. पुरावा पुरेसा नसेल तर मुलं "नल स्वीकारला" लिहितात; त्याऐवजी "नल नाकारता आला नाही" असं लिहा. नमुना लहान असेल तर खरा फरकही निसटू शकतो. पी व्हॅल्यू ०.०३ म्हणजे नल खरा असण्याची शक्यता ३ टक्के, हेही चूक. नल खरा मानला तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची ती शक्यता आहे. "वाढलं का" विचारलं तर एकतर्फी चाचणी, "बदललं का" विचारलं तर दुतर्फी. ५ टक्के पातळीवर झेड १.८ आला तर एकतर्फीत नल नाकाराल, कारण सीमा १.६४५, दुतर्फीत नाही, कारण सीमा १.९६. म्हणून एकतर्फी की दुतर्फी, ते डेटा बघायच्या आधीच ठरवायचं.

कोरिलेशनचं थोडक्यात. पावसाळ्यात छत्र्यांचा खप वाढतो आणि घाटात दरडीही जास्त कोसळतात. छत्र्या बंद करून दरडी थांबत नाहीत. उलट बाजूही लक्षात ठेवा: उणे २ ते २ या पाच पूर्णांकांचे वर्ग काढले तर दोन्ही रांगांतला कोरिलेशन शून्य येतो, संबंध मात्र पक्का आहे. आधी आलेख काढा.

प्रोजेक्टसाठी गूगल फॉर्म

फॉर्म स्वतःच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा, ओळखीच्यांनी भरायचा, आणि शीर्षक द्यायचं "सातारा जिल्ह्यातील तरुणांचा कल". नमुना लहान वाटला तर अजून चार ग्रुपवर. अशाने चुकीचीच माणसं जास्त संख्येने जमतात.

नमुना वाढवूनही न जाणाऱ्या अशा चुकीची चर्चा आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने जागतिक पातळीवर केली आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले, लंडनला डॉक्टरेट करून आले आणि देशभरातल्या पिकांचं उत्पादन नमुना पद्धतीने कसं मोजायचं यावर त्यांनी काम केलं. शेतातला तुकडा निवडायचा, पीक कापायचं, वजन करायचं. त्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसतं. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कडेचा भाग मोठा, आणि कडेवरची झाडं आतच धरली जातात. असे हजारो तुकडे कापले तरी फुगवटा जात नाही, कारण तो मोजण्याच्या पद्धतीतच आहे. नमुना वाढवला की कमी होते ती वरखाली होणारी चूक. एकाच बाजूला झुकलेली चूक तशीच राहते.

तेव्हा प्रोजेक्ट करताना आधी यादी मिळवा: वर्गाची हजेरी, वॉर्डाची मतदार यादी, जी असेल ती. तीतून यादृच्छिक संख्यांनी नावं निवडा. साठ फॉर्म असे भरून घेणं कष्टाचं आहे, पण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न "नमुना कसा निवडला?" हाच येतो. यादी मिळालीच नाही तर शीर्षक बदलून "आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांचा कल" असं ठेवा.

जर्नल मात्र ज्या आठवड्यात प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात पूर्ण करा. सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटून तेच उदाहरण आकडे बदलून सोडवा. जिथे अडाल ते पान दुसऱ्या दिवशी सरांकडे न्या, अख्खा धडा नको.