गरवण्याचं बारीक सामान कसं लावावं आणि गंजण्यापासून कसं वाचवावं

पहिल्याच पावसाळ्यात माझ्या पेटीतले सगळे गळ गेले. मे महिन्याच्या शेवटी भाट्याच्या खाडीवर रात्री गरवून, म्हणजे गळाने मासे धरून, आलो, पेटी बंद करून कपाटात टाकली आणि थेट नारळी पौर्णिमेनंतर उघडली. ४/० नंबरच्या कप्प्यातले वीसेक गळ एकमेकांना चिकटून त्यांचा तपकिरी गठ्ठा झाला होता. एक सोडवायला गेलो तर त्याचं नेढंच मोडून चिमटीत आलं. सगळं सामान नंबरवार लावलेलं होतं, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी होती. पण त्या शेवटच्या रात्री वापरलेले तीन गळ मी तसेच आपापल्या कप्प्यात परत टाकले होते. तेवढं पुरलं.

सामान लावण्याबद्दलचे बहुतेक सल्ले डबा कुठला घ्यावा आणि कप्पे किती असावेत, इथेच संपतात. गोड्या पाण्यात, धरणावर गरवणाऱ्याला ते चालूनही जाईल. खाऱ्या पाण्यावर जाणाऱ्याचं खरं काम घरी परतल्यावर असतं. ते नीट केलंत तर गळ जुन्या सुपारीच्या डबीतही टिकतील. ते चुकलं तर कितीही महागडी पेटी आणा, उपयोग नाही.

आधी पसारा काढा

सगळं सामान एका जुन्या चादरीवर ओता. गंजलेले, टोक वळलेले, नेढ्याशी काळे पडलेले गळ बाजूला काढा. गंज घासून गळ परत वापरण्याचे उपाय सांगणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. वरचा गंज जातो, पण आतली तार खाल्ली गेलेली असते आणि ती नेमकी मोठ्या माशाच्या वेळी मोडते.

नंबर आणि जागा

नवख्यांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो. साध्या नंबरांत आकडा कमी होईल तसा गळ मोठा होतो. १० नंबरपेक्षा ४ मोठा, त्याहून १ मोठा. तिथून पुढे १/०, २/०, ३/० असे चढत जातात आणि आकड्याबरोबर गळही मोठा होतो. शिवाय दोन कंपन्यांचा एकच नंबर मापाला सारखा असेलच असं नाही. त्यामुळे पाकिटावरचा नंबर आणि नाव असलेला कागद कापून त्याच कप्प्यात ठेवा. बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी खाऱ्या दमट हवेत महिनाभरात सुटते.

आता लावायचं कसं? एका डब्यात सगळे गळ, दुसऱ्यात सगळे स्विव्हल (दोरा पिळू नये म्हणून मध्ये बांधायच्या फिरत्या कड्या), तिसऱ्यात सगळं वजनाचं शिसं, अशी मांडणी बघायला सुंदर दिसते आणि किनाऱ्यावर गेलं की तिन्ही डबे उघडायला लावते. अंधारात, हातात कोळंबी, डोक्याला बॅटरी आणि भरती चढत असताना तीन डबे उघडून बघा. मी जागेप्रमाणे लावतो. वाळूवर मुडदुशी माशासाठी जायचं तर त्या डबीत ८ आणि १० नंबरचे गळ, बारीक स्विव्हल, हलकं शिसं आणि बारीक तंगूसाची, म्हणजे गळ बांधायच्या दोऱ्याची, गुंडाळी. खाडीत जिताडा, तांबोशी या माशांसाठी जायचं तर दुसरी डबी, त्यात ३/० ते ५/० गळ, जाड स्विव्हल आणि पुढे बांधायचा जाड तंगूस. खडकावरची डबी वेगळी, कारण तिथे शिसं अडकून तुटत राहतं, ते जास्त न्यावं लागतं. घरातून निघताना एकच डबी उचलायची. उरलेला साठा घरीच, आणि त्याला समुद्राचं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही.

सुट्टे स्विव्हल आणि गोल कड्या सेफ्टी पिनेत ओवून ठेवा, एका पिनेत एकच माप. मोठे गळही नेढ्यातून असेच ओवता येतात.

डबा

झाकण घट्ट, कप्प्यांच्या भिंती थेट झाकणाला टेकलेल्या, आणि प्लास्टिक पारदर्शक. मी एकदा स्टीलचा मिसळणाचा डबा वापरून पाहिला. वाट्या सुंदर, पण गाडीला खड्डा बसला की मोहरीत जिरं मिसळावं तसं सगळं एक होतं.

घरी परतल्यावर

इथे घाई करू नका. मी दोन वर्षं हेच चुकवत होतो, आणि मला वाटायचं की मी सगळं बरोबर करतोय.

पहिली गोष्ट किनाऱ्यावरच करायची. एक रुंद तोंडाची, झाकणाची बरणी बरोबर ठेवा. जे सामान एकदा पाण्यात गेलं ते या बरणीत जाईल. डबीतून बाहेर निघालेला गळ त्या दिवशी डबीत परत जाणार नाही, मग तो एकदाच टाकलेला असो की मासा न लागता तसाच वर आलेला असो. गळ पाण्यातून काढला, दोन मिनिटं वाऱ्यावर धरला, सुका दिसला, म्हणून परत ठेवला, असं करू नका. तो सुकलेला नसतो.

का ते समजून घ्या. समुद्राचं पाणी उडून गेलं तरी मीठ मागे राहतं, आणि त्यात नुसतं खायचं मीठ नसतं, मॅग्नेशियमचे क्षारही असतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात उघडं ठेवलेलं मीठ घरात कसं पाझरतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गळावरचा मिठाचा तो न दिसणारा थर तसाच पाझरत राहतो. म्हणजे गळ बंद डबीत महिनोन् महिने खारट ओलाव्यात बसून राहतो. शेजारचे कोरे गळही त्याला टेकलेले असतात, तो ओलावा त्यांच्याकडे जातो. पितळी स्विव्हल आणि पोलादी गळ ओल्या मिठात एकमेकांना टेकले तर आणखी वाईट. दोन वेगळ्या धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात पोलाद खाल्लं जातं. म्हणून डबी एकच असली तरी गळ आणि स्विव्हल एका कप्प्यात ठेवू नका.

हे कळल्यावर मी धुवायला लागलो. प्रत्येक वेळी नळाखाली धरून, अगदी मन लावून. तरी गळ गंजत राहिले, आणि नेहमी एकाच ठिकाणी, नेढ्यापाशी. टोक चकचकीत, वाक चकचकीत, नेढ्याशी मात्र तपकिरी कडं. शेवटी शेजारच्या काकांना दाखवला. त्यांची हयात खाडीवर गरवण्यात गेलेली. त्यांनी तो गळ डोळ्याजवळ नेला आणि नखाने नेढ्यातून तंगूसाचा छोटा तुकडा उचकटून काढला. ‘‘धुतलास, पण गाठ कुठे काढलीस?’’

तेच होतं. मी दोरा गाठीजवळ कापायचो आणि गाठ नेढ्यातच राहायची. गाठीच्या वेढ्यांखाली खारं पाणी अडकतं. नळाचं पाणी वरून वाहून जातं, आत पोचत नाही. आणि तिथला ओलावा लवकर सुटत नाही, कारण तंगूस नायलॉनचा असला तर तो स्वतःही थोडं पाणी पितो. गाठ काढल्याशिवाय धुतलेला गळ हा न धुतलेलाच गळ समजा.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. घरी आल्यावर अंघोळीच्या आधी बसतो. कटरच्या टोकाने प्रत्येक नेढ्यातली गाठ काढतो, एकही वेढा शिल्लक ठेवत नाही. नकली माशांचे तीन टोकांचे गळ ज्या कडीत अडकवलेले असतात ती कडी हाताने फिरवतो, कारण तिच्या दोन वेढ्यांच्या फटीतही हाच प्रकार चालतो. मग सगळं कोमट गोड्या पाण्याच्या टोपात दहा मिनिटं बुडवून ठेवतो, पाणी ओततो, नवीन पाणी घेतो, आणखी दहा मिनिटं. नळाच्या धारेपेक्षा हे बुडवणं जास्त कामाचं, क्षार विरघळायला वेळ लागतो. स्विव्हल पाण्याखालीच बोटांनी गरागरा फिरवायचे म्हणजे पोटातलं खारं पाणी बाहेर येतं. हा टोप स्वयंपाकघरातला नको, आणि शिसं या पाण्यात टाकू नका.

त्यानंतर पुसणं. हे बहुतेक जण गाळतात. जुन्या धोतराचा किंवा बनियनचा तुकडा घ्या आणि एकेक गळ नेढ्याकडून वाकाकडे पुसा. टोकाकडून पुसलंत तर उलटा काटा कापडात आणि मग बोटात जाईल. स्विव्हल एकेक पुसणं शक्य नाही. मटकीला मोड आणायला बांधतो तशी त्यांची पुरचुंडी बांधा आणि जोरात झटका, आतलं पाणी कापडात येतं. गळ चुकूनही त्या पुरचुंडीत घालू नका.

पुसल्यावर ताटात जुना टॉवेल अंथरून त्यावर सुटं सुटं पसरा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. ओटीवर किंवा गच्चीत नको. समुद्राजवळच्या घरात रात्रीचा वारा पुन्हा खारच घेऊन येतो. लहान मुलं, मांजर असेल तर खोलीचं दार लावून घ्या. सकाळी नेढं बोटाने चाचपा, कोरडं वाटलं तरच साठ्यात. आणि साठ्यात गेल्यावरही वापरलेल्या गळांसाठी वेगळा कप्पा ठेवा, कोऱ्यांबरोबर मिसळू नका. मी पुढच्या वेळी आधी तेच वापरून संपवतो.

हे सगळं तासाभराचं काम नाही. हाताचं काम वीस मिनिटांचं, बाकी भिजणं आणि सुकणं.

तांदूळ, खोबरेल आणि स्टेनलेस

तीन सल्ले इतक्यांदा ऐकले की आता राग येतो.

डब्यात तांदळाचे दाणे टाका म्हणतात. तांदूळ ओलावा ओढतो तो फार थोडा, पीठ मात्र सगळ्या गळांवर बसतं आणि पावसाळ्यात त्यात टोके किडे होतात. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांचंही तसंच, त्या तुमच्या हातात येईपर्यंत हवेतलं पाणी पिऊन भरलेल्या असतात. सिलिका जेल वापरायचंच तर रंग बदलणारे मणी विकत आणा. केशरी रंगाचे मिळतात, ओलावा भरला की हिरवे होतात. निळे मणी गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तो विषारी. घरात मुलं असतील तर केशरीच घ्या. भरलेले मणी १२० अंशांच्या आसपास तापवले की पुन्हा कामाला येतात. आणि डबा हवाबंद असेल तरच त्यांचा उपयोग, नाहीतर ते घरभरची हवा सुकवायला निघतात. मी कप्प्यांच्या डब्या एका मोठ्या, झाकणाला रबरी रिंग असलेल्या डब्यात ठेवतो आणि मणी त्या मोठ्या डब्यात.

खोबरेल लावा म्हणतात. मीठ राहिलेल्या गळावर तेल लावलं तर मीठ तेलाखाली झाकलं जातं, एवढंच होतं. शिवाय ते थंडीत थिजतं, खवट होतं, चिकट होऊन धूळ धरतं. पक्कड आणि कटरच्या सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. नीट धुतलेल्या आणि सुकवलेल्या गळाला तेलाची गरज नाही.

स्टेनलेस घ्या, गंजणारच नाही, म्हणतात. उशिरा गंजतो, पण मिठातलं क्लोराइड त्यालाही बारीक खड्डे पाडतं. धुणं त्यालाही चुकत नाही.

मऊ आमिषं

रबरासारखी मऊ नकली आमिषं ज्या पाकिटात आली त्याच पाकिटात ठेवा. ती मऊ राहावीत म्हणून त्यांत जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते बाहेर झिरपतं आणि काही कडक प्लास्टिक अक्षरशः वितळवतं. माझ्या एका डब्याचा तळ असा चिकट झाला की आमिष, तळ आणि खाली ठेवलेला नकली मासा तिन्ही एकजीव झाले. डबा उलटा करून त्रिकोणातला आकडा बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते बरंच सोसतं. ६ असेल तर मऊ आमिष त्यात अजिबात नको. दोन वेगळ्या कंपन्यांची आमिषंही एका पाकिटात घालू नका, काही जाती एकमेकींना विरघळवतात.

शिसं

घरच्या साठ्याला वेगळा डबा, वेगळं कापड, हाताळल्यावर साबणाने हात. बारीक शिसं दातांनी दाबून दोऱ्यावर बसवणारे अजूनही दिसतात. करू नका, मुलांना तर करू देऊच नका, शिसं अंगात साठत जातं. जुन्या शिशावर पांढरी भुकटी दिसली तर तीही विषारी असते, फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या.

बांधून ठेवलेले दोरे

घरी गळ बांधून नेत असाल तर एसीच्या पाइपवर चढवतात त्या काळ्या फोमचा वीतभर तुकडा घ्या, त्यावर दोरा गुंडाळा आणि गळ फोममध्ये टोचा. फक्त कोरे. वापरलेला दोरा परत फोमवर गुंडाळलात तर फोम खारं पाणी पितो आणि त्यावरचे बाकीचे गळही जातात.

पावसाळ्यात आणि कचऱ्यात

जून ते नारळी पौर्णिमा पेटी कपाटात राहणार असेल तर जुलैच्या मध्यात एकदा उघडून बघा. मण्यांचा रंग बघा, प्रत्येक कप्प्यातला एक गळ काढून नेढं उजेडात धरा. एकही डाग दिसला तर तो गळ काढा आणि त्या कप्प्यातले बाकीचे पुन्हा पुसून सुकवा.

बाद गळ आणि तंगूसाचे तुकडे सुटे कचऱ्यात टाकू नका. कचरा वेचणाऱ्यांच्या हातात गळ जातो, गाईगुरांच्या तोंडात जातो, आणि तंगूस कुजत नाही, पक्ष्यांच्या पायांना गुंडाळला जातो. मी पाण्याची एक रिकामी बाटली त्यासाठीच ठेवली आहे. ती भरली की झाकण लावून वरून चिकटपट्टी मारतो, बाहेर ‘आत गळ आहेत’ असं मोठ्या अक्षरांत लिहितो आणि कचऱ्याची गाडी आली की गाडीवाल्याच्या हातात देताना तोंडानेही सांगतो.