जुन्या मोटारसायकलचं इग्निशन बिघडलंय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

जुनी गाडी किकला दाद देईना की पहिला संशय कॉइलवर, दुसरा कंडेन्सरवर. संध्याकाळपर्यंत दोन्ही नवे बसलेले असतात आणि गाडी मात्र तशीच उभी असते. वर आणखी एक गुंता झालेला असतो: मूळ बिघाड कायम आहे की नवाच पार्ट खराब निघाला, हे आता कळायला मार्ग नाही. पॉइंटवर चालणाऱ्या बॅटरी-कॉइल इग्निशनमध्ये भाग मोजकेच असतात. बॅटरी, स्विच, कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून ठिणगी पाडणारी), पॉइंट (कॅमने उघडझाप होणारी संपर्काची टोकं, ती उघडताच ठिणगी पडते), कंडेन्सर (पॉइंट उघडताना टोकांवरचा चकचकाट आवरणारा), प्लग आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी. मल्टीमीटर, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) आणि दोन वायरी लावलेला एक छोटा बल्ब एवढ्या सामानात जवळजवळ सगळं तपासता येतं. म्हणून तपासल्याशिवाय काही बदलू नका, आणि बदलायचंच तर एका वेळी एकच पार्ट बदला.

करंट बघायची चुकीची पद्धत

प्लग काढायचा, कॅपमध्ये घालायचा, हेडला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी बघायची, हे सगळेच करतात. पण टेकवलेला प्लग बऱ्याचदा उघड्या प्लगहोलच्या अगदी शेजारी असतो. किक मारताना तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटू शकते. प्लग लांब, फिन्सवर टेकवा आणि त्याची बॉडी धातूला नीट चिकटली आहे ना, ते बघा. हाय टेन्शन वायर (कॉइलकडून प्लगकडे जाणारी) हवेत मोकळी सोडून किक मारणं तर पूर्ण टाळा. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते, आणि चांगली कॉइल त्या तपासणीतच जाते.

बाहेर ठिणगी दिसली म्हणून इग्निशन ठीक, असंही समजू नका. सिलिंडरमध्ये दाबाखालच्या मिश्रणातून ठिणगी पडायला उघड्या हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर दिसणारी बारीक, पिवळसर ठिणगी आत विझून जाते. चांगली कॉइल उघड्या हवेत साधारण 6 मिमी अंतर सहज ओलांडते आणि ठिणगी निळसर, जाड दिसते.

बॅटरीला बल्ब लागतो म्हणून ती ठीक, असं समजणं

हेडलाइट लागला, हॉर्न वाजला, मग बॅटरीची चौकशी संपते. ती इथे संपवू नका. पॉइंट बंद स्थितीत असताना इग्निशन चालू करा. आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज मोजा, मग कॉइलला जिथे स्विचकडून सप्लाय येतो तिथे मोजा. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर स्विचमध्ये, फ्यूजमध्ये किंवा एखाद्या गंजलेल्या कनेक्टरमध्ये करंट अडतोय. 6 व्होल्टच्या गाडीत ही गळती फारच जाचक ठरते. सहातला एक व्होल्ट वाटेत गेला तर करंट त्याच प्रमाणात घटतो, पण ठिणगीची ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तिच्यात जवळपास 30 टक्के घट होते. अशी गाडी थंड असताना सुरूच होत नाही, आणि दोष मात्र कॉइलच्या माथी येतो.

गाडीला ॲमीटर असेल तर त्याच्याकडेही बघा. इग्निशन चालू करून किक हळूहळू दाबली की पॉइंट बंद होताना काटा डिस्चार्जकडे सरकायला हवा आणि उघडताना परत यायला हवा. काटा हललाच नाही तर प्राथमिक सर्किट (बॅटरी, स्विच, कॉइल, पॉइंट असा करंटचा मार्ग) कुठेतरी तुटलंय. सतत डिस्चार्जलाच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी कायमचा अर्थ (इंजिन-फ्रेमच्या धातूशी जोड) मिळतोय. इतकी माहिती एका काट्यातून, फुकट मिळते!

नव्याने रंगवलेल्या गाड्यांत आणखी एक गोम असते. इंजिन, फ्रेम आणि बॅटरीची अर्थ वायर जिथे एकमेकांना टेकतात, तिथेही रंगाचा थर जातो. या गाडीत पॉइंटचा करंट इंजिनच्या बॉडीतूनच बॅटरीकडे परततो, म्हणून त्या जागा खरवडून धातू उघडा करा. मी तर इंजिनपासून बॅटरीपर्यंत वेगळी अर्थ वायर टाकावी याच मताचा आहे.

पॉइंटवरच्या चुका

सगळ्यात जास्त बिघाड इथेच निघतात, म्हणून इथे घाई नको. पहिली चूक एमरी पेपरने पॉइंट घासण्याची. त्याचे कण टोकांत रुतून बसतात आणि संपर्क आणखी बिघडतो. बारीक पॉइंट फाइल वापरा. त्यानंतर स्पिरिटमध्ये भिजवलेली कोऱ्या कागदाची पट्टी टोकांमधून ओढा. कागदावर काळा डाग येईनासा होईपर्यंत ओढत राहा. नव्या पॉइंटलाही हे करायचं असतं, कारण गंज लागू नये म्हणून त्यावर बऱ्याचदा तेलाचा थर दिलेला असतो. कोरे करकरीत पॉइंट बसवूनही ठिणगी येत नाही, त्याचं कारण अनेकदा हेच.

दुसरी चूक वॉशर उलटसुलट बसवण्याची. पॉइंटची पट्टी, कॉइलकडून आलेली वायर आणि कंडेन्सरची वायर या तिन्ही एकाच स्टडवर येतात, आणि त्या स्टडचा प्लेटशी कुठेही संपर्क नसतो. फायबरचा एक वॉशर चुकीच्या जागी गेला तर सगळं कायमचं अर्थ होतं. कधी वायरचं टोक एवढं बाहेर येतं की झाकण लावल्यावरच ते टेकतं. झाकण उघडून बघा, करंट आहे. झाकण लावा, करंट गायब. टोक आत वळवलं की प्रश्न मिटतो.

यासाठीची तपासणी सोपी आहे. इग्निशन चालू ठेवून व्होल्टमीटरचं एक टोक पॉइंटच्या स्टडवर आणि दुसरं इंजिनवर ठेवा. पॉइंट उघडे असताना पूर्ण बॅटरी व्होल्टेज दिसलं पाहिजे, बंद असताना जवळजवळ शून्य. उघडे असतानाही शून्य असेल तर कुठेतरी अर्थ होतंय किंवा स्टडपर्यंत सप्लायच येत नाही. बंद असताना शून्याच्या वर काही दशांश व्होल्ट शिल्लक राहत असतील तर टोकं घाण आहेत किंवा अर्थ कच्चा आहे.

गॅप (उघडलेल्या टोकांमधलं अंतर) मोजताना कॅम पॉइंट पूर्ण उघडेल तिथे आणून मोजा, अर्धवट उघडलेल्या जागी नाही. जुन्या बऱ्याच गाड्यांत गॅप 0.35 ते 0.40 मिमी असतो आणि लुकासच्या मॅग्नेटोला (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीचा करंट तयार करणारं यंत्र) 0.30 मिमी, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा. कॅमला ग्रीसचा अगदी हलका हात द्या. कॅम कोरडा राहिला तर पॉइंटची फायबर टाच झिजते आणि गॅप आपोआप मिटत जातो. ग्रीस जास्त झालं तर ते उडून टोकांवर बसतं.

आधी टायमिंग, मग गॅप

हा क्रम उलटा आहे. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, रिटार्ड होतं (मागे पडतं), वाढला की ॲडव्हान्स होतं (लवकर येतं). म्हणजे टायमिंग लावून मग गॅप छेडलात तर केलेलं काम वाया गेलं. गॅप पक्का करा, मग बल्बचं एक टोक पॉइंटच्या स्टडला आणि दुसरं अर्थला लावा. इग्निशन चालू ठेवून इंजिन हळू फिरवा. बल्ब पेटेल तो क्षण म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण. मॅग्नेटोवर ही पद्धत चालत नाही. तिथे पातळ कागद पॉइंटमध्ये धरून तो कधी सुटतो ते बघा.

किक उलटी मारत असेल तर टायमिंग जास्त ॲडव्हान्स आहे. ऑटो ॲडव्हान्सची (वेगाप्रमाणे टायमिंग आपोआप पुढे नेणाऱ्या भागाची) वजनं अडकलेली किंवा स्प्रिंग ढिल्या पडलेल्या असतील तर टायमिंग कितीही लावा, ते टिकत नाही. तो भाग आधी मोकळा करा. फ्लायव्हील मॅग्नेटो असलेल्या गाडीत टायमिंग अचानक बिघडलं तर फ्लायव्हीलखालची अर्धगोल चावी तुटली आहे का, ते बघा.

कंडेन्सरवर मीटरने शिक्कामोर्तब

पॉइंटवर मोठा, पांढरट-निळा चकचकाट दिसत असेल आणि टोकं लवकर जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या. बारीकशी ठिणगी मात्र नेहमीच दिसते, तिची काळजी नको. मीटर 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपास आकडा दाखवतो आणि आपण त्याला पास करतो. पण पॉइंट उघडताच कंडेन्सरवर काही शे व्होल्ट येतात, आणि मीटर तर अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो. आतली गळती त्याला दिसत नाही. जुना कंडेन्सर सोडवून एक खात्रीचा कंडेन्सर बाहेरून, कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत जोडा. जुना तसाच ठेवून शेजारी दुसरा लावलात तर काहीच कळणार नाही. कपाटात वर्षानुवर्षं पडलेला कंडेन्सर न वापरलेला असला तरी त्याला खात्रीचा म्हणू नका.

तापल्यावर बंद पडणारी गाडी

थंड असताना छान चालते, वीसेक मिनिटांनी मरते, थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते. ही लक्षणं कॉइल, कंडेन्सर आणि मॅग्नेटोचं आर्मेचर तिघांचीही असतात. पण पेट्रोल टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजल्यावरही गाडी हुबेहूब अशीच वागते. म्हणून गाडी बंद पडल्याबरोबर आधी ठिणगी तपासा, लगेच टाकीचं झाकण उघडून बघा. गाडी गार होऊ दिलीत तर पुरावाच गेला. इग्निशन चालू ठेवून विसरणंही इथलंच पाप: पॉइंट बंद स्थितीत असतील तर कॉइल सतत तापत राहते आणि तिचं इन्सुलेशन जातं.

इलेक्ट्रॉनिक किट म्हणजे सगळ्यावर उपाय नाही

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट लावायला माझा विरोध नाही. पण सप्लाय कमी पडत असेल, अर्थ कच्चा असेल तर किटही अडखळेल, कारण त्यालाही पुरेसं व्होल्टेज लागतंच. बऱ्याच किटना 5 किलोओहमच्या आसपास रेझिस्टरचा प्लग कॅप लागतो, साध्या कॅपने त्यांचं काम गडबडतं. आणि अनेक जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत. तिथे बॅटरी सवयीने उलटी जोडली तर पॉइंटची गाडी कशीबशी चालते, किट मात्र त्याच क्षणी जळतं. जोडण्याआधी बॅटरीचं कोणतं टोक फ्रेमला आहे ते स्वतः बघा, आणि काढलेली पॉइंटची प्लेट तेलाचा हात देऊन जपून ठेवा.