अ‍ॅप कंपनी विकत घेताय? आयोगाकडे जायचं का, ते असं ठरवा

अंधेरीतल्या कंपनीची उलाढाल जेमतेम ४० कोटी, मग कंपन्यांच्या खरेदी-विक्रीने बाजारातली स्पर्धा मारली जात नाही ना हे बघणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाचा काय संबंध? १० सप्टेंबर २०२४ पासून हा युक्तिवाद चालत नाही. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपसाठी १९ अब्ज डॉलर देऊ केले, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपची कमाई नगण्य होती, वापरकर्ते मात्र कोट्यवधी. उलाढाल आणि मालमत्ता मोजणाऱ्या चाळणीतून असे सौदे अलगद निसटायचे.

आता सौद्याची किंमत २,००० कोटी रुपयांच्या वर आणि कंपनीचं भारतात भरीव कामकाज असेल, तर आयोगाची पूर्वमंजुरी लागते. डिजिटल सेवेचे जगभरातल्या वापरकर्त्यांपैकी १० टक्के भारतात असले, तरी कामकाज भरीव ठरतं. देशी अ‍ॅप ही अट बसल्या जागी पुरी करतं. एरवी ४५० कोटींपर्यंत मालमत्ता किंवा १,२५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपनीच्या खरेदीला मिळणारी सूट इथे मिळत नाही.

घोळ होतो तो किंमत काढताना. समजा, शेअर्सचे १,९०० कोटी, संस्थापकांनी स्पर्धेत उतरू नये म्हणून ६० कोटी आणि पुढे वापरकर्ते वाढले तर द्यायचे अंदाजे ८० कोटी. बेरीज २,०४०. करार तीन वेगळे केले म्हणून सुटका नाही. आकडा खात्रीने सांगताच येत नसेल, तर मर्यादा ओलांडली असंच धरायचं.

मग अर्ज. दोघांच्या धंद्यात कुठलाच थेट, पुरवठ्याचा किंवा पूरक संबंध नसेल तर ग्रीन चॅनेल. अर्ज भरला की मंजुरी मिळाल्याचं मानलं जातं. एकाच बाजारातला एकत्रित वाटा १५ टक्क्यांखाली आणि पुरवठा-साखळीतला २५ टक्क्यांखाली असेल तर साधारणपणे फॉर्म १, शुल्क ३० लाख. वाटा त्याहून जास्त असेल तर त्याऐवजी फॉर्म २, शुल्क ९० लाख. वाटा मोजताना प्लॅटफॉर्मच्या दोन्ही बाजू बघा: जेवण पोहोचवणाऱ्या अ‍ॅपला ऑर्डर देणारे जसे ग्राहक, तशी हॉटेलंही. शंका असेल तर अर्जाआधी आयोगाशी सल्लामसलत करता येते, आणि ती करावीच.

प्राथमिक मत ३० दिवसांत, अंतिम निर्णयाची कमाल मुदत १५० दिवस. तोवर ग्राहकांचा डेटा, कमिशनचे दर एकमेकांना दाखवायचे नाहीत आणि टीमही एकत्र करायच्या नाहीत. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) मीटिंगमध्ये उत्साहाच्या भरात नेमकं हेच होतं. मंजुरीआधी सौदा अमलात आणला तर मालमत्ता, उलाढाल किंवा सौद्याची किंमत, यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या १ टक्क्यापर्यंत दंड होतो. ग्रीन चॅनेलमध्ये खोटी माहिती दिली, तर मंजुरी मुळापासूनच रद्द.